दातांच्या दवाखान्याची चुकलेली वेळ आणि कापलेले पैसे

हक कोणाचा, किती, आणि तक्रार कशी करावी?

गेल्या काही वर्षांत खासगी दवाखान्यांत, विशेषतः दातांच्या दवाखान्यांत, एक नवा रिवाज रुजत चालला आहे. इलाजाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, ती ठरवताना काही रक्कम आगाऊ भरावी लागते आणि ठरल्या वेळी रुग्ण पोहोचला नाही तर त्या रकमेतून काही भाग कापून घेतला जातो. काही ठिकाणी आगाऊ रक्कम घेत नाहीत, परंतु पुढच्या बिलात 'अपॉइंटमेंट चुकविल्याबद्दल' म्हणून वेगळा आकडा लावतात. रक्कम तीनशे, पाचशे, फार तर हजार रुपये असते. म्हणून बहुतेक लोक थोडी कुरकुर करून गप्प बसतात. मात्र शिलाई मशीनवर बसून रोजी कमावणाऱ्या कारागिराला हजार रुपये म्हणजे दोन-दोन दिवसांची मेहनत असते. ती देणे लागते की नाही, एवढे तरी त्याला समजले पाहिजे.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे आणखी एक कारण आहे. आपण कापडवाले, शिंपी, सुतार, फर्निचरवाले, मंडपवाले सारेच बयाणा घेतो. गिऱ्हाईक आले नाही तर बयाण्याचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यासमोरही रोज उभा असतो. दवाखान्याला जो कायदा लागू आहे, तोच आपल्यालाही लागू आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी हिशेब पाहू.

वेळ का चुकते?

आमच्या इगतपुरीचेच पाहा. किरकोळ इलाज गावात किंवा घोटीत होतो. परंतु रूट कॅनाल, कॅप, कवळी अशा कामांसाठी पुष्कळ लोक सुमारे ४५ किलोमीटरवरच्या नाशिकला जातात. काहीजण मुंबईला नातेवाइकांकडे उतरून तिकडेच इलाज करतात. मुंबईची लोकल कसाऱ्यालाच संपते. कसारा ते इगतपुरी हा घाट १ ला ३७ अशा चढाचा आहे. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा रुळांवर पाणी आले की गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, त्यामुळे मोटारवाल्यांची सोय झाली. पण रेल्वेने किंवा एसटीने जाणाऱ्याची अडचण होती तशीच आहे. सकाळी अकराची वेळ घेतलेला माणूस दीड वाजता पोहोचतो आणि काउंटरवर त्याला सांगितले जाते की आपली वेळ गेली, आगाऊ रकमेतून इतके कापले.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट घडते. रोजा असताना दिवसा दातांचे काम नको, म्हणून पुष्कळ लोक आधी घेतलेली वेळ ऐनवेळी टाळतात आणि कळवत नाहीत. ही सवय मात्र चांगली नाही. रमजान कधी सुरू होणार याचा अंदाज महिनाभर आधी असतो. त्याच वेळी दवाखान्याला कळवून पुढची तारीख घेतली तर तंटा उद्भवतच नाही.

पहिला प्रश्न : असे ठरले होते काय?

वेळ चुकल्याचे पैसे घ्या किंवा घेऊ नका, असा आदेश देणारा खास कायदा आपल्याकडे नाही. सबब सगळा मामला १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर येतो. या कायद्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. एकाने अट सांगितली आणि दुसऱ्याने ती मान्य केली, तरच ती करारात येते. वेळ घेतानाच 'चोवीस तास आधी कळवले नाही तर अमुक रुपये कापले जातील' असे आपल्याला सांगितले असेल, फॉर्मवर सही घेतली असेल किंवा फोनवर संदेश आला असेल आणि त्यानंतर आपण पैसे भरले असतील, तर अट ठरली असे दवाखाना म्हणू शकतो. परंतु वेळ चुकल्यानंतर प्रथमच भिंतीवरील पाटी दाखवली, किंवा पैसे भरून झाल्यावर दिलेल्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले निघाले, तर ते आधी ठरले होते असे म्हणता येत नाही.

छापील अट असली म्हणजे ती प्रत्येक वेळी टिकतेच असेही नाही. कपड्याच्या धंद्यातला एक जुना निकाल आहे. मद्रासमध्ये 'लिली व्हाइट' नावाच्या लाँड्रीच्या पावतीवर छापले होते की, कपडा हरवला तर गिऱ्हाइकाला किमतीच्या १५ टक्केच मिळतील. एक नवी साडी हरवली आणि खटला मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. ही अट मान्य केली तर लाँड्रीवाल्याला १५ टक्के किमतीत नवे कपडे मिळवण्याची मुभाच मिळेल, अशा विचाराने न्यायालयाने ती लोकहिताविरुद्ध ठरवली. ही साठच्या दशकातली गोष्ट. पावतीवर छापले म्हणजे काहीही चालते, हा समज तेव्हाच मोडला आहे.

दुसरा प्रश्न : दंड की भरपाई?

समजा, अट आधी सांगितली होती आणि आपण ती मान्यही केली होती. तरी मामला संपत नाही. करार कायद्याचे कलम ७४ येथे उपयोगी पडते. करारात मोडतोडीबद्दल एखादी रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय तेवढी सगळी रक्कम देण्यास बांधलेले नाही. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे आणि तिच्या आत 'वाजवी भरपाई' जेवढी होईल तेवढीच मिळते. भरपाई म्हणजे झालेले नुकसान भरून काढणे. धाक बसवण्यासाठी किंवा कमाई म्हणून घेतलेली रक्कम हा दंड होतो, आणि तो वसूल करण्याचा हक एका पक्षाने दुसऱ्यावर आपणहून चालवायचा नसतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावेत. पहिला १९६३ चा, फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास. दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला. घेणाऱ्याने १,००० रुपये बयाणा आणि नंतर २४,००० रुपये दिले. सौदा मोडला तेव्हा विकणाऱ्याने सगळे २५,००० जप्त केले. न्यायालयाने १,००० रुपयांचा बयाणा ठेवू दिला. उरलेले २४,००० मात्र, करारात जप्तीची अट आहे एवढ्यावरून ठेवता येणार नाहीत, त्यासाठी नुकसान दाखवावे लागेल, असे ठरवले.

दुसरा १९६९ चा, मौला बख्श विरुद्ध भारत सरकार. मौला बख्श हे उत्तर प्रदेशात लष्कराला माल पुरवणारे ठेकेदार. १९४७ साली त्यांनी बटाट्याच्या ठेक्यासाठी १०,००० आणि कोंबड्या, अंडी व मासळीच्या ठेक्यासाठी ८,५०० रुपये अनामत भरली. माल वेळेवर पोहोचला नाही, तेव्हा सरकारने ठेके रद्द करून अनामत जप्त केली. कसूर ठेकेदाराकडूनच झाली होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १८,५०० रुपये व्याजासह परत करण्याचा हुकूमनामा दिला. सरकारने बाजारातून माल कोणत्या भावाने घेतला आणि किती जादा पैसे गेले, हे सहज दाखवता आले असते, पण सरकारने ते दाखवलेच नाही. ज्याचे नुकसान मोजता येते त्याने ते मोजून दाखवावे, आणि जेथे मोजणे अवघड आहे तेथेच आधी प्रामाणिक अंदाजाने ठरवलेली रक्कम ग्राह्य धरता येईल, असा याचा सारांश आहे. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यातही न्यायालयाने हेच सूत्र पुन्हा मांडले.

दवाखान्याचा हिशेबही पाहावा

आता डॉक्टरांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे, कारण एकतर्फी तक्रार टिकत नाही. दातांच्या दवाखान्यात एका खुर्चीवर एका वेळी एकच रुग्ण बसतो. रूट कॅनालसाठी तासभर राखून ठेवलेला असतो. जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार, विजेचे बिल चालूच असते. अवजारे निर्जंतुक करून, पाकिटात बंद करून तयार ठेवलेली असतात. कॅप किंवा कवळी लॅबमधून बनवून आणली असेल तर त्याचे पैसे डॉक्टरांच्या खिशातून गेलेले असतात. रुग्ण कळवल्याशिवाय आला नाही तर हे नुकसान खोटे नाही. शिवाय दुसऱ्या एखाद्या दुखणाऱ्या दाताच्या माणसाला ती वेळ मिळाली असती, ती फुकट गेली.

परंतु त्याच तासात बाहेर बसलेला दुसरा रुग्ण घेतला असेल तर नुकसान कोठे झाले? कलम ७३ सांगते की, नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहिले जाईल. लॅबमधून आलेली कॅप पुढच्या आठवड्यात त्याच रुग्णाला बसणार असेल तर तिचे पैसेही बुडाले नाहीत. म्हणजे रिकाम्या गेलेल्या तासाचा खरा खर्च ही भरपाई, आणि त्यावरचे सारे दंड, असा ढोबळ हिशेब मनात धरावा.

गाडी घाटात अडकली, रस्ता बंद झाला, अशा वेळी कलम ५६ चा, म्हणजे करार पाळणे अशक्य झाल्याचा, मुद्दा मांडता येतो. मात्र न्यायालये तो सहजासहजी मान्य करीत नाहीत. तरी पुराव्याने मांडलेली अडचण दवाखान्याशी बोलताना फार कामी येते.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००६ पासूनच्या करारपद्धतीत दंतवैद्याला चुकलेल्या वेळेचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत, मात्र वारंवार वेळ चुकवणाऱ्याचा इलाज तो बंद करू शकतो. तेथील खासगी दवाखाने असे पैसे घेतात, पण आधी सांगून.

ग्राहक कायदा काय देतो?

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पैसे घेऊन केलेला इलाज ही ग्राहक कायद्याखालील 'सेवा' आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून वगळले गेले असा दावा झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. सरकारी रुग्णालयात सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा मात्र यात येत नाही.

२०१९ च्या कायद्यातील तीन गोष्टी येथे लागू पडतात. उभयतांत ठरलेल्या किंवा दर्शनी लावलेल्या दरापेक्षा जास्त रक्कम घेतली तर ती तक्रारीचा विषय आहे. पावती किंवा बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लादणारा करार 'अन्याय्य करार' या व्याख्येत येतो. फक्त एक बारकावा आहे. अन्याय्य करार रद्द करा, अशी मागणी जिल्हा आयोगासमोर चालत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते. म्हणून लहान रकमेच्या तक्रारीत 'न ठरलेली रक्कम घेतली, पावती दिली नाही, रक्कम परत करावी' असेच मांडणे सोयीचे.

जीएसटीची एक बाब व्यापारी वाचकांच्या लगेच लक्षात येईल. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या परिपत्रकाप्रमाणे रद्द करण्याच्या शुल्कावर मूळ सेवेप्रमाणेच कर लागतो. दाताच्या रोगावरील इलाज जीएसटीतून माफ आहे. तेव्हा अशा इलाजाची वेळ चुकल्याच्या रकमेवर कोणी १८ टक्के जीएसटी लावला असेल तर तो कशाच्या आधारे, हे लेखी विचारावे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कामाची गोष्ट वेगळी असू शकते.

आता करायचे काय?

प्रथम हे पाहावे की, पैसे आपल्या खिशात आहेत की त्यांच्या. बिलात नुसता आकडा लावला असेल आणि आपण तो भरला नसेल, तर नुकसान दाखवून वसुली करण्याचे काम दवाखान्याचे आहे. आपण मान्य असलेली इलाजाची रक्कम भरावी, पावती घ्यावी आणि वादाची रक्कम मान्य नाही असे लेखी कळवावे. आगाऊ रकमेतून कापले असेल तर पाऊल आपल्याला उचलावे लागते. त्याचा क्रम असा :

१) कागद जमा करावेत. आगाऊ रकमेची पावती, बँकेचा किंवा युपीआयचा व्यवहार, वेळ ठरल्याचा संदेश, उशीर कळवण्यासाठी केलेल्या फोनची नोंद, रेल्वेचे तिकीट, गाडी उशिरा असल्याच्या सूचनेचा फोटो.

२) काउंटरवर हुज्जत घालू नये. तेथे बसलेल्या मुलीच्या हातात काही नसते. डॉक्टरांना किंवा मालकाला लेखी द्यावे.

३) आठ-पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन निकाल देत नाही, समेट घडवण्याचा प्रयत्न करते.

४) त्यानंतर स्पीड पोस्टाने नोटीस आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करता येते. म्हणजे दवाखाना मुंबईत असला तरी इगतपुरीचा माणूस नाशिकच्या आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या सरकारी व्यवस्थेतून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

महाराष्ट्र राज्य दंत परिषद ही दंतवैद्यांच्या नोंदणीची व वर्तणुकीची संस्था आहे. गैरवर्तनाची तक्रार तिच्याकडे करता येते, पण पैसे परत मिळवून देणे हे तिचे काम नव्हे.

पत्र लांबलचक नसावे. असा मजकूर पुरतो :

'माननीय डॉक्टरसाहेब, मी आपल्याकडे अमुक तारखेस इलाजासाठी अमुक रुपये आगाऊ भरले. अमुक तारखेची वेळ गाडी अडकल्यामुळे मला पाळता आली नाही. इतक्या वाजता मी फोनवर कळवले होते. वेळ चुकल्यास रक्कम कापली जाईल असे पैसे भरताना मला सांगितले नव्हते. आपण अमुक रुपये कापले आहेत. ही रक्कम कोणत्या नुकसानीपोटी घेतली त्याचा तपशील व पावती द्यावी, अन्यथा ती पंधरा दिवसांत परत करावी किंवा पुढील बिलात वळती करावी. माझा इलाज अपुरा आहे, तो आपल्याकडेच पूर्ण करण्याची माझी इच्छा आहे.'

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. उघडा पडलेला दात घेऊन तंटा करीत बसणे शहाणपणाचे नाही आणि दवाखान्यालाही आपला रुग्ण टिकवायचा असतो. इलाज दुसरीकडे न्यायचाच असेल तर एक्स-रे आणि कागदांची प्रत मागून घ्यावी, तो रुग्णाचा हक आहे.

आमच्या बाजारपेठेतील एका शिंपीभावाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. बेगमसाहेबांच्या रूट कॅनाल आणि कॅपसाठी त्यांनी एका दवाखान्यात ४,००० रुपये आगाऊ भरले होते. जुलैच्या पावसात गाडी अडकली आणि वेळ गेली. दवाखान्याने १,००० रुपये कापले आणि अटीचा संदेश त्याच संध्याकाळी प्रथमच पाठवला. शिंपीभाऊ भांडायला निघाले होते. आम्ही त्यांना आधी वरच्या नमुन्याप्रमाणे पत्र लिहायला बसवले. पत्र गेल्यावर दवाखान्याने फोन केला. मदतनीस थांबली होती आणि सामान उघडले होते, त्यापोटी ३०० रुपये ठेवून ७०० रुपये शेवटच्या बिलात वळते करण्याची तयारी दाखवली. शिंपीभावाने ते मान्य केले आणि इलाजही तेथेच पूर्ण झाला. कायद्याच्या काट्यावर तोलले तर कदाचित ३०० रुपयेही सुटले असते. पण तेवढ्यासाठी आयोगाच्या फेऱ्या म्हणजे दुकान बंद ठेवण्याचे दिवस. कोणती लढाई कोठपर्यंत न्यायची, याचाही हिशेब व्यापाऱ्याला आला पाहिजे.

आपल्या गल्ल्याकडेही पाहू

व्यापारी बंधूंनो, जो काटा आपण डॉक्टरांना लावतो तोच आपल्या दुकानात लावावा लागेल. शेरवानीचा किंवा लग्नाच्या जोड्याचा बयाणा घेतला, कापड अजून फाडलेले नाही आणि गिऱ्हाइकाने नको म्हटले, तर सगळा बयाणा गिळणे कायद्यात बसणे कठीण. कापड फाडून शिलाई अर्धी झाली असेल तर तो खर्च मागण्याचा आपला पूर्ण हक आहे, पण तो वहीत लिहिलेला असावा. दोष निघालेला माल परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असो वा नसो.

यावर उपाय स्वस्त आहे. बयाण्याच्या पावतीवर समोरच्याच बाजूला, मोठ्या अक्षरांत चार ओळी छापाव्यात. किती दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम परत, त्यानंतर किती कापणार, कशाबद्दल कापणार, आणि माल नेण्याची शेवटची तारीख कोणती. उर्दू वाचणारे गिऱ्हाईक असेल तर उर्दूतही छापावे. पैसे घेण्यापूर्वी ते वाचून दाखवावे आणि सही घ्यावी. एवढे केले तर गिऱ्हाइकाला पुढे तोंड फिरवता येत नाही आणि आपल्यालाही मनात येईल ती रक्कम कापता येत नाही.